भट्टीवरची हिरवी पुडी

पेइ-यिंग प्रयोगशाळेत शिरली, तेव्हा एक अनोळखी तरुण भट्टीवरची हिरवी पुडी फोडून शांतपणे खात होता.

"थांबा! ती यंत्राची आहे!"

यंत्रावर नारळी खाऊची हिरवी पुडी ठेवली की ते शहाण्यासारखं वागतं, हे तैवानात सर्वांना ठाऊक असतं. पेइ-यिंगचा अर्थातच विश्वास नव्हता. ती पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करत होती. पुडी मात्र तिनेच आणली होती.

"मुदत परवाच संपलीय," त्याने तारीख दाखवली. "शिळ्या खाऊवर यंत्र रुसतं. मी कुओ. तैनानहून भट्टीचा दिवा बदलायला आलोय… उपाशी."

तिने पुडी हिसकावून तारीख पुन्हा वाचली. निकेल ऑक्साइडचे तीन स्फटिक तडकले होते. आता स्फटिक वाढवायला कच्च्या मालाची शेवटची कांडी उरली होती, आणि सोमवारपासून भट्टी दुसऱ्या गटाकडे जाणार होती. हाही स्फटिक गेला तर पदवी वर्षभर लांबणार.

कुओ धावत जाऊन ताजी पुडी घेऊन आला. दिवा बसवून झाला आणि सकाळी दहाला भट्टी पेटली. हवेच्या दीडशे पट दाबाचा प्राणवायू, वर ती शेवटची कांडी, खाली बीजाची छोटी कांडी, आणि मधे दिव्याच्या झोताने वितळलेला मिरीएवढा थेंब. तो तुटला की संपलं. म्हणून पडद्यावरून नजर हलवायची नसते. प्रेमकथेला नजरानजर लागते. इथे तिची सोयच नव्हती.

"थेंब थरथरतोय…"

"तुम्ही थरथरताय, मॅडम. गुडघा टेबलाला लागतोय."

तिने गुडघा मागे घेतला. थेंब स्थिर झाला.

"दिवा नीट बसवलाय ना?"

"पाचव्यांदा सांगतो — हो."

"सहाव्यांदा सांगा."

तो हसला. मग बाजूने एक नळी अलगद तिच्या ओठांपाशी आली. चहा. अर्धी साखर, बर्फ नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कचऱ्यातल्या अकरा पेल्यांवर दुकानाने तेच लिहिलंय."

तिचे कान तापले. थोड्या वेळाने मागून पेनची कुरकुर ऐकू आली.

"काय लिहिताय?"

"पुडीवर, यंत्राला निरोप. सवडीने वाचा… माझी चारची गाडी आहे."

"बरं," ती पडद्याला म्हणाली. मान वळवावीशी तिला आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. वळवली नाही.

दाब उतरवताना घाई केली, तर स्फटिकाचा भुगा होतो. म्हणून तो रात्रभर हळूहळू उतरवून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भट्टी उघडली. काळा, चकचकीत, करंगळीएवढा… अखंड! ती जमिनीवरच बसली.

मग तिने पुडी उतरवली.

'यंत्रा, शहाण्यासारखं वाग. हिच्याकडे बघताना मला ते जमत नाहीये. — कुओ'

तिने फोन लावला.

"कुओसाहेब, ताबडतोब या."

"स्फटिक तडकला?" त्याचा आवाज चिरकला.

"तो छान आहे. भट्टीवर पुडी नाहीये."

"कुठे गेली?"

"मी खाल्ली," तोंडातला घास गिळत ती म्हणाली.