ज्वारीतली डिस्क

"अगं ताई, आईची डिस्क ज्वारीत!" संघदीप ओरडला आणि दीपमाला धावत आली.

दिवाळीची सुट्टी लागली म्हणून ही बहीणभावंडं आणि त्यांची मैत्रीण जया बाबारावकाकांच्या वावरात भटकत होती. पाखरं हाकलायला काकांनी दोरीला डिस्क टांगल्या होत्या. एकीवर काकांच्या सत्काराचं नाव, तर दुसरीवर दीपमालाच्याच अक्षरात 'मावशीचं लग्न'! त्या लग्नात आई गायली होती. पुढं आई वारली आणि तिचा आवाज उरला तो त्या एका डिस्कमध्ये. कॉपी करून देतो म्हणून काकांनी ती नेली होती; आता डिस्कवर नुसते ओरखडे होते.

"रडून काहून राह्यली?" काका घरी खो खो हसले. "कॉपी देल्ली न तुले! अन् मेलेलं माणूस गाणं आयकून वापस येते का?"

"तुमची कॉपी जयाच्या घरी चालत नाही, काका!"

"तिचा प्लेअर भंगार आहे. हे पाह्य!"

काकांनी कॉपी आपल्या कम्प्युटरमध्ये घातली, क्लिक केलं. आई गाऊ लागली! काका मिशीला पीळ देत दाराकडे गेले. दीपमालानं बटण दाबून डिस्क बाहेर काढली. तरी आई गातच राहिली!

"अवो बाई! डिस्क हातात, अन् गाणं सुरूच?" जयाचे डोळे विस्फारले.

संघदीप शाळेत कम्प्युटर शिकला होता. त्यानं कपाळावर हात मारला. "काकानं डिस्कवर गाणं टाकलंच नाही! नुसतं शॉर्टकट टाकलं, म्हणजे गाण्याचा पत्ता. गाणं तर या डब्यातच आहे."

तेवढ्यात काका दारातून गरजले, "ये रामलाल! लयच हळू चालते हा डबा. सगळं पुसून टाक!"

दारव्ह्याचा मेकॅनिक रामलाल आत आला. दीपमाला कम्प्युटरच्या आडवी आली. "काका, आईचं गाणं..."

"चूप! कॉपी आहे न!"

संघदीप मागच्या दारानं सटकला आणि त्यानं मीटरजवळचा खटका पाडला. पंखा थांबला.

"गेली लाईन!" काका वैतागले आणि रामलालला घेऊन चहाला निघाले. शेजारचा टीव्ही चांगला ठणाणत होता; पण लोडशेडिंगची एवढी सवय, की ऐकतो कोण?

खटका वर! संघदीपनं कोरी डिस्क घालून गाणं उतरवलं. जयाच्या घरच्या 'भंगार' प्लेअरवर आई खणखणीत गायली आणि दीपमाला हमसून हमसून रडली.

"पण काकाचा सत्कारबी त्या डब्यातच आहे," जया म्हणाली. काकांचं बियाण्याचं दुकान. सगळ्यात जास्त थैल्या खपवल्या म्हणून कंपनीनं त्यांना हार घातला होता. त्या साली गावाचा कापूस बुडाला, पण काका तो हार आल्यागेल्याला दाखवत. "सांगाचं का त्याईले?"

"कायले?" दीपमाला म्हणाली. "त्याईच्याजवळ कॉपी आहे न!"

रामलालनं दुपारी सगळं पुसून दिलं.

संध्याकाळी काकांच्याच घरी संघदीपनं नवी डिस्क लावली. सुनेचं गाणं ऐकून आजीनं तिघांवरून कडाकडा बोटं मोडली. "बापा! किती हुशार माही लेकरं!" दिवाळीला जमलेले पाहुणेही शाबासकी देऊ लागले.

"आमच्याच घरचं रक्त!" काकांनी छाती फुगवली. "आता माहा सत्कार पाहा." त्यांनी आपली कॉपी घातली, क्लिक केलं. पुन्हा केलं. पडदा कोराच! पाहुणे चुळबुळू लागले, काकांच्या कपाळावर घाम आला.

दीपमालाला जराही दया आली नाही. तिनं गोड आवाजात विचारलं, "कम्प्युटर भंगार आहे का, काका?"