काढून टाकू का?

तुम्ही हसाल, पण त्या दिवशी ज्या बाईने मला वाचवलं तिचे आभार कसे मानायचे, हे मला अजून कळलेलं नाही.

रमजानमधला शुक्रवार, दुपार उलटलेली. अलेक्झांड्रियातल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात डायलिसिसचं नवं सॉफ्टवेअर यायचं होतं. ते बसवणारी माणसं दुसऱ्या दिवशी कैरोहून येणार. त्याआधी लिनक्स सर्व्हरवर त्याला लागणारी सगळी पॅकेजेस टाकून ठेवणं माझं काम. बाकीचे रोजा सोडायला घरी पळाले होते. बायकोने मोलोखियाची पालेभाजी शिजवलेली, त्यामुळे मलाही घाई.

खोलीत पंख्यांची घरघर, हाडं गोठवणारी थंडी आणि तापलेल्या धुळीचा वास. प्रत्येक पॅकेजआधी सर्व्हर विचारायचा, पुढे जाऊ का? मी न वाचताच 'वाय', म्हणजे 'हो', दाबत होतो. आमच्या धंद्यात सगळेच दाबतात.

शेवटचं पॅकेज राहिलं. मी 'वाय' दाबलं. पडद्यावर 'एन', म्हणजे 'नाही', उमटलं आणि काम रद्द झालं.

पुन्हा 'वाय'. पुन्हा 'एन'.

"तुलाही रोजा लागला का रे गाढवा?" मी कीबोर्डवर खेकसलो. तिसऱ्यांदा आज्ञा दिली, प्रश्न आला, आणि कीबोर्डच बदलू म्हणून मी त्याची वायर उपटली.

वायर माझ्या हातात होती. पडद्यावर सावकाश 'एन' उमटलं.

"कोण... कोण आहे?"

पंखे घरघरत राहिले. मी जागचा न हलता, निव्वळ भीतीने, पडद्यावरचा मजकूर पहिल्यांदा वाचला. नव्या पॅकेजसाठी जुनी सात काढून टाकली जाणार होती. डायलिसिसच्या रुग्णांच्या यादीचा जुना प्रोग्रॅम त्यांच्यावरच चालायचा. सकाळी सहाला बत्तीस रुग्ण येणार. कुणाला कोणतं औषध, कुणाच्या अंगातलं किती पाणी काढायचं, सगळं त्या यादीत. तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. आणि बॅकअप मी घेतला नव्हता.

बाहेर बांग झाली. मी तिथेच फरशीवर बसून बाटलीतल्या पाण्याने रोजा सोडला. माझा हात ज्याने कोणी धरला, त्याचे रडत रडत आभार मानले. मग जुन्या सर्व्हरला हात न लावता नव्या सॉफ्टवेअरची तयारी दुसऱ्या सर्व्हरवर केली.

सकाळी बत्तीसही जणांचं डायलिसिस नीट पार पडलं.

"मिस नगवा," मी नर्सला विचारलं, "यादीत तेहतीस नावं कशी?"

तिने आवाज खाली आणला. "मदाम इक्बाल. जाऊन चाळीस दिवस झाले, अल्लाह तिच्यावर दया करो. नाव पुसायला गेले की यंत्र विचारतं, काढून टाकू का? मी 'हो' दाबते, इंजिनिअरसाहेब... आणि ते 'नाही' घेतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही मला वेड्यात काढलं असतं."

"काढलं असतं," मी म्हणालो. "राहू दे तिला. तिच्यामुळेच आज सगळे घरी गेले."

नव्या यादीत तिचं नाव मी स्वतःच्या हाताने भरलं.

एक गोष्ट मात्र कुणाला विचारलेली नाही. अंगातलं किती पाणी निघालं ते कळावं म्हणून डायलिसिसआधी आणि नंतर रुग्णाचं वजन करून नोंदवतात. दर शनिवारी मदाम इक्बालच्या नावापुढे दोन्ही वजनं भरलेली असतात. नंतरचं दीड किलोने कमी.