ज्याला फक्त स्मृतिदिन होता

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पटलीच पाहिजे असा आग्रह नाही. मीच अजून स्वतःला पटवतेय.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच. मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीचा तिसरा मजला, खिडकीजवळचं माझं टेबल.

बावीस वर्षं मी 'दिनविशेष' लिहिते. आज कोणाची जयंती, कोणाचा स्मृतिदिन. प्रत्येक तारखेचं एक कार्ड. तीनशे सहासष्ट कार्डं, सगळी माझ्या अक्षरात, एका लाकडी खणात. निवृत्तीला चार महिने उरलेत. "ताईंच्या हातून एक चूक छापली गेली नाही," असं संपादक दर सभेत सांगतात. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

तो विनय नाही.

मोठ्या माणसांचं बरं असतं. गांधीजी, टिळक, सावित्रीबाई... तारखा पक्क्या. पण वर्षात काही दिवस अगदी कोरडे असतात. कामाचं कोणी जन्मत नाही, कामाचं कोणी मरत नाही. चौदा वर्षांपूर्वी अशाच एका दिवसाचं पान छपाईला चाललं होतं आणि दोन ओळींची जागा रिकामी होती. पान लावणारा माझ्या डोक्यावर उभा. त्याला आम्ही 'इंची' म्हणतो. माणूस भेटला तरी आधी नजरेनं मोजतो.

"ताई, दोन ओळी द्या. कोणालाही मारा, पण दोन ओळी द्या."

मी मारला.

एक मास्तर. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास, मुलींसाठी शाळा, आजच्या दिवशी निधन. नाव इथं लिहीत नाही. लिहिलं की काय होतं, ते आता कळलंय. जन्म दिला नाही. जन्म म्हटलं की गाव आलं, आईबाप आले. मरण कसं, दोन ओळींत उरकतं.

वाटलं होतं, कोणीतरी विचारेल. कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी तोच स्मृतिदिन आणखी दोन वर्तमानपत्रांत आला. मग एका शाळेत मास्तरांवर भाषण झालं. आता काढणार कसा? उलट एका वर्षी अर्धी ओळ उरली, तेव्हा मीच वाढवलं... 'तुरुंगात डावा डोळा गमावला.'

मास्तर मी बनवलाय, हे फक्त इंचीला ठाऊक होतं.

तर, तो मंगळवार...

मी मान वर केली आणि समोरच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले दिसले.

पावलं वाजली नव्हती. खुर्चीही वाजली नव्हती. आणि ती खुर्ची मांजर बसलं तरी करकरते.

तोंड खिडकीकडे. उजवा गाल माझ्याकडे.

"दिनविशेष तुम्हीच लिहिता ना, बाई?"

"हो. काय काम काढलंत?"

"एक नोंद अर्धी राहिलीय." आणि त्यांनी मास्तरांचं नाव घेतलं.

आलं का सोंग! म्हटलं, हे इंचीचंच काम. मी आवाजात साखर घोळली. गोड विचारलं की लबाड माणूस जास्त बोलतो.

"आपण त्यांचे कोण?"

"त्यांना कोणीच नाही. तुम्ही दिलं नाहीत."

तेव्हा लक्षात आलं... खोलीतली कीबोर्डांची टकटक थांबली होती. आठ जण टाइप करत होते. बोटं चालत होती. आवाज नव्हता.

"चौदा वेळा मेलो, बाई. एकदा तरी जन्माला घाला."

"इंचीला सांगा, नट झकास निवडलास." मी हसले.

त्यांनी मान वळवली.

डाव्या डोळ्याच्या जागी जखम नव्हती. व्रण नव्हता. पापणीसुद्धा नव्हती. नुसतं सपाट कातडं.

"अर्धीच ओळ उरली होती ना?" ते हळूच म्हणाले. "तारीख सांगा. कुठलीही चालेल."

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जी पहिली तारीख निघते, तीच निघाली.

माझी जन्मतारीख.

खर्र... खण उघडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, खण बंद. पुन्हा समोर पाहिलं, खुर्ची रिकामी. आणि आठही कीबोर्ड एकदम वाजायला लागले.

खाली धावले. वॉचमननं वही पुढे केली. "दुपारपासून कोणी वर गेलं नाही, ताई. माशी आली असती तर तिचीही सही घेतली असती."

मग इंचीला गाठलं. "कुठून धरून आणलास तो एकडोळ्या?"

"मी? सुट्टी घ्या, ताई. मेलेली माणसं लिहून लिहून तुमचं माप बिघडलंय."

हसला. पण माझ्या डोळ्यांत बघून नाही.

संध्याकाळी खण उघडला. माझ्या वाढदिवसाच्या कार्डावर मास्तरांचा जन्म नोंदलेला. माझ्याच अक्षरात. ठीक आहे, चौदा वर्षं इंची माझं अक्षर बघतोय. करू शकतो नक्कल.

गुरुवारी आस्थापनेतला कारकून निवृत्तीचे कागद घेऊन आला. "ताई, जन्मतारीख कोरी सोडलीत."

मी भरली होती.

जुनी फाइल काढली. तिथंही कोरी. घरी जाऊन शाळेचा दाखला काढला. रकाना पांढरा स्वच्छ. खाडाखोड नाही, डाग नाही.

इंचीचा हात खणापर्यंत पोचेल. माझ्या कपाटापर्यंत कसा पोचेल?

आईला फोन केला. आम्हा चारही भावंडांच्या जन्मवेळा ती मिनिटासकट सांगते.

"आई, मी कधी झाले गं?"



"तिघांचं आठवतंय," आई म्हणाली. "तुझं... थांब हं... तू कधी आलीस गं?"

काल मास्तरांच्या स्मृतिदिनाचं कार्ड काढलं. त्यावरून त्यांचं नाव गेलंय. बरोबर दोन ओळींची जागा रिकामी आहे. ती तारीख नऊ दिवसांवर आलीय. त्या दिवशी खरोखर गेलेलं कोणीतरी मी शोधतेय. जुने अंक चाळले, चरित्रकोश चाळले. कोणी सापडत नाही.

कोरडा दिवस आहे तो.

आज सकाळी इंची टेबलापाशी आला. "ताई, त्या तारखेच्या दोन ओळी कधी देताय?"

मी चरित्रकोशाचं पुढचं पान उलटलं.

मग त्यानं मला नजरेनं मोजलं... डोक्यापासून पायापर्यंत. आणि मान डोलावली.