आतल्या खोलीतला फोन

तेव्हा मी भाईंदरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि रविवारी लोकांच्या घरी जाऊन मशीन दुरुस्त करून द्यायचे. नव्याण्णव साल असेल. दुर्गाकाकू चौक गावातलं सासरचं जुनं घर बंद करून राईला, खाडीकडच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये आल्या होत्या, आता एकट्याच राहायच्या. सकाळी बाजारात मासळी विकायच्या, दुपारी घरी. मुलगा प्रणित मस्कतला नोकरीला होता. जाताना त्यानं कॉम्प्युटर घेऊन दिला, आईला मेल उघडायला शिकवलं. आठवडाभर इंटरनेट लागत नव्हतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

"त्याचं काय बरंवाईट तर न्हाय ना?" दार उघडताच त्यांनी विचारलं. "फोन पण येत न्हाय."

मी मोडेम बघितला. दिवे लागत होते. केबल बदलून पाहिली. तरी स्क्रीनवर तेच... डायल टोन नाही. टेबलावरचा फोन कानाला लावला. टोन नव्हता, पण लाइन मेलेलीही नव्हती. आत खूप लांब काहीतरी सळसळत होतं, ओल्या जाळ्यावरून कोणी हात फिरवावा तसं.

"काकू, अजून कुठे फोन आहे का?"

"आतल्या खोलीत. सासूबाईंच्या उशाशी. त्या गेल्यापासून, दोन महिने, ती खोली बंदच हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "प्रणितला अजून सांगितलं न्हाय. नवी नोकरी, रजा न्हाय मिळायची. तिकडं एकटाच रडत बसंल."

कडी बाहेरून लावलेली होती. काढल्याबरोबर बामाचा आणि चिखलाचा वास अंगावर आला. पलंगावर गुंडाळलेली गादी. स्टुलावर फोन, आणि रिसिव्हर काढून बाजूला ठेवलेला.

"उंदीर असेल," मी म्हटलं. रिसिव्हर जागेवर ठेवला, कडी लावली.

बाहेर येऊन पुन्हा प्रयत्न केला. मोडेम किरकिरला, आता लागणार असं वाटलं, आणि तुटला. डायल टोन नाही.

आम्ही दोघींनी त्या दाराकडे पाहिलं. कडी लागलेलीच होती. मला उठून घरी जावंसं वाटत होतं, पण काकूंना तिथे एकटं सोडून पाय निघेना.

कडी काढून आत गेलो. या वेळी रिसिव्हर पलंगावर होता. गुंडाळलेली गादी अंथरलेली होती... आणि तो उशीवर, कोणी कूस बदलून बोलत पडावं तसा.

मी तो घाईघाईनं जागेवर ठेवला आणि लगेच फोन वाजला. काकूंनी उचलला. खोली इतकी गप्प होती की प्रणितचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आई? आज तू उचललास? रोज आजीच असते."

काकू पलंगावर बसल्या, मग चटका बसल्यासारख्या उठल्या. "काय बोलते रे आजी?"

"काही नाही गं, तुझंच. तू बाजारात असतेस ना, तेव्हा करतो फोन."

"बाळा..." काकूंनी डोळे मिटले. "आजी गेली रे. दोन महिने झाले."

फोनमधून नुसती सळसळ.

"आई, असं काय बोलतेस... ती रोज विचारायची, दुर्गा एकटी पडलीय, तिला चौकच्या घरी नेऊ का. मी म्हणायचो, तिलाच विचार. आज सकाळी खूपच मागे लागली..."

"मग?"

"मी म्हणालो, ने."

मी त्या खोलीतली वायर मुळापासून उपटली. इंटरनेट लगेच लागलं, पण तिकडे कोणी बघितलंही नाही. "आजची रात्र माझ्याकडे चला," मी परत परत म्हटलं. काकू ऐकेनात. पोराचा फोन परत येईल, म्हणाल्या.

सकाळी क्लासच्या आधी गेले तर दाराला कुलूप. शेजारीण नवीन राहायला आली होती. ती सहज म्हणाली, "वो तो सुबह निकल गई. सास आई थी लेने. बुढिया ने हाथ ही नहीं छोडा उसका."

चौकच्या घराला कित्येक महिन्यांचं गंजलेलं कुलूप होतं. काकूंना तिथे कोणी पाहिलं नव्हतं. नंतरही कुणालाच त्या दिसल्या नाहीत. रिक्षावाला मात्र सापडला. म्हणाला, बाई एकटीच होती. चौकच्या अलीकडे, जिथे एकही घर नाही, नुसता खाडीचा चिखल आहे, तिथे तिनं रिक्षा थांबवायला सांगितली.

"इथं कशाला उतरताय?" त्यानं विचारलं होतं.

ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत म्हणाली, "ह्या म्हणतात, इथून जवळ पडंल."