चौथी पट्टी

मालन परीट यांनी कापडावर स्टीलची लांब पट्टी ठेवली, खडूने रेघ ओढली आणि पट्टी बाजूला सारली. समोर बसलेल्या उदय इंगवल्यांच्या जिवात जीव आला. अकरा वर्षे ते ही पट्टीच शोधत होते. त्यांच्या जुन्या मोटारीच्या तीन दरवाजांवर अशाच पट्ट्या होत्या, चालकाच्या बाजूचा दरवाजा तेवढा बोडका. कोल्हापूरच्या भंगारबाजारात त्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या होत्या की बायको म्हणायची, "आता तिथंच खोली बघा."

शेवटी पत्ता लावला जुळारीने. तळहाताएवढे हे यंत्र धातूच्या आतली कणनक्षी वाचते. एकाच पत्र्यातून कापलेले तुकडे कितीही लांब गेले, तरी त्यांची नक्षी जुळते आणि जुळारी ते ओळखते. ती घरोघरी आल्यापासून डब्यांना झाकणे मिळाली, जोडव्यांना जोडवी मिळाली, आणि काही कुड्या भलत्याच घरी सापडल्याने दोन-चार संसारही मोडले. मालनताईंच्या सुनेने पितळी डब्याचे झाकण शोधायला घरभर जुळारी फिरवली. झाकण राहिले बाजूला, मापाच्या पट्टीची नक्षी मात्र उदयरावांनी जुळारीत नोंदवून ठेवलेल्या तीन पट्ट्यांशी जुळली आणि त्यांना गडहिंग्लजजवळच्या या घराचा निरोप गेला.

"न्या की," मालनताई म्हणाल्या. "पर मी मापं कशानं घिऊ? चाळीस वर्षं हिच्यावरच झंपरं बेतली. आमच्या मालकांनी कानशीनं खाचा पाडल्यात, इंचाइंचाला. आता मालक न्हाईत."

"धातुमुद्रकावर तुम्हाला दुसरी छापून देतो. अगदी हुबेहूब, खाचांसकट."

"तेराव्या खाचंला मालक चुकलेत. दोन सूत पुढं पडलीया. तीबी तशीच पायजे. गावातल्या बायकांना सैल झंपराची सवय लागलीया."

उदयराव हसत हसत पट्टी घेऊन गेले. धातुमुद्रकाला मात्र ही चूक पटेना. तीनदा पट्टी छापली आणि तिन्ही वेळा त्या शहाण्याने तेरावी खाच परस्पर जागेवर आणून ठेवली. चौथ्यांदा उदयरावांनी त्याला सांगितले की हे माप नसून शोभेची नक्षी आहे. मग त्याने मुकाट्याने चूक छापली.

आठ दिवसांनी ते दोन्ही पट्ट्या घेऊन आले आणि शिलाईयंत्रावर शेजारी शेजारी ठेवल्या. नुसत्या नजरेने त्यांनाही आता फरक सांगता आला नसता. "मालकांची कुठली, ओळखा बघू," ते म्हणाले. मालनताईंनी डोळे मिटले आणि पहिल्या पट्टीच्या खाचांवरून अंगठा फिरवला. मान हलवून ती बाजूला ठेवली. दुसरीच्या तेराव्या खाचेपाशी अंगठा थांबला.

"हीच," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "हितं कानस निसटली हुती. मालकांचं बोट कापलं, तरी हसत हुते. अजून त्यांचा हात लागल्यागत वाटतंय. ती पहिली तुमाला न्या."

उदयरावांनी बाजूला ठेवलेली पहिली पट्टी उचलली आणि सवयीने तिच्यावर जुळारी धरली. हिरवा दिवा लागला. अस्सल पट्टी त्यांच्याच हातात होती. क्षणभर त्यांना इतका आनंद झाला की गाडीचा तो दरवाजा डोळ्यांसमोर उभा राहिला. मग त्या आनंदाचीच त्यांना लाज वाटली. मालनताई खूश होत्या, नुकसान कुणाचेच नव्हते, आणि गप्प बसायला काही कष्ट पडणार नव्हते.

"मालनताई," ते म्हणाले, "तुमच्या हातात आहे ती मी छापलेली. मालकांनी केलेली ही." त्यांनी पट्टी पुढे केली.

मालनताईंनी ती घेतली. दोन्ही पट्ट्या मांडीवर ठेवून पुन्हा एकेकीवरून सावकाश अंगठा फिरवला. त्या रागावल्या नव्हत्या, फसल्यासारख्याही दिसत नव्हत्या. छापलेल्या पट्टीवर अंगठा पुन्हा त्याच जागी थांबला, आणि त्यांनी मान वर केली.

"मग भाऊ, आत्ता माझ्या अंगठ्याला मालकांचा हात लागला, त्यो कुठनं आला?"