न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

सकाळी साडेदहाला नगररचना कार्यालयातल्या कारकूनबाई कामावर पोचल्या, तेव्हा त्यांच्या कपाटाला नवं कुलूप होतं आणि टेबलावर निलंबनाचा आदेश. गोपनीय माहिती बाहेर दिली, एवढंच कारण. त्या घरी गेल्या नाहीत. तडक वर्तमानपत्राच्या कचेरीत आल्या आणि संदर्भ विभागात एका खुर्चीवर बसून राहिल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

विचित्र हे, की बातमी अजून छापूनच आली नव्हती. उद्या यायची होती. सत्ताधारी पक्षाचा सर्वांत मोठा देणगीदार एक बिल्डर; बागेसाठी राखलेली टेकडी निवडणुकीनंतर महिन्याभरात त्याला बांधकामासाठी मोकळी करून मिळाली. कागद कारकूनबाईंनी दिले होते.

संपादकांनी बातमी थांबवली आणि ती लिहिणाऱ्या वार्ताहर मुलीकडे पाचपर्यंत राजीनामा मागितला. तिचंच तोंड सैल, असं त्यांचं म्हणणं.

मुलगी मावशींच्या टेबलाशी येऊन बसली. मावशी म्हणजे मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुकांवर तीस वर्षं पोट भरलं, असं त्या स्वतःच सांगत. सगळ्या कचेरीच्या मावशी. पण लाड कुणाचेच नाहीत.

"रडून झालं की बोल," मावशी म्हणाल्या. "बिल्डरला प्रश्न किती पाठवलेस?"

"चार."

"मी तपासले तेव्हा पाच होते."

"पाचवा नंतर काढला. बिल्डर मंत्र्यांच्या घरी टेकडीचा नकाशा बघायला गेला होता, त्या भेटीबद्दलचा. नकाशा घेऊन कारकूनबाईच गेल्या होत्या. खोलीत चौथं माणूस नव्हतं. तो प्रश्न विचारला असता, तर कुणी सांगितलं ते त्याला तिथंच कळलं असतं."

"पाच प्रश्नांचा कागद कुणाकुणाकडे गेला?"

"तुमच्याकडून संपादकांकडे. एक प्रत पेपरच्या वकिलांना, मी स्वतः दिलेली."

मावशींनी बिल्डरचं उत्तर मागवून घेतलं. चार प्रश्नांना चार गुळमुळीत उत्तरं. शेवटी एक जादा ओळ: सात तारखेला, गुरुवारी, मी दिवसभर रुग्णालयात होतो, त्यामुळे मंत्र्यांच्या घरी भेट झाल्याचा आरोप धादांत खोटा आहे. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

असा आरोप त्याच्यावर कुणी केलेलाच नव्हता.

मावशी उठून संदर्भ विभागात गेल्या. कारकूनबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

"नकाशा घेऊन गेलात तो वार कुठला?"

"बुधवार. सहा तारीख. गुरुवारी मी रजेवर होते."

तिथून मावशी वकिलांकडे गेल्या. त्यांच्या फाइलमधली प्रत काढायला लावली, पाचव्या प्रश्नावर बोट ठेवलं. 'बुधवार, सात तारीख.' मावशींनी मान डोलावली आणि चार वाजता संपादकांच्या खोलीचं दार लोटलं. वार्ताहर मुलगी मागोमाग होती.

"साहेब, या भानगडीत एक चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पोरीनं लिहिलं होतं, बुधवार, सात तारीख. वार आणि तारखेचा मेळ बसत नसला की मी कॅलेंडर बघते, सवयच आहे. सातला गुरुवार होता. मी वार बदलला, तारीख तशीच ठेवली. खरं तर तारीख चुकली होती. हिला विचारायला हवं होतं, नाही विचारलं."

संपादकांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ती दुरुस्ती मी पेनानं केली, एकाच कागदावर. संगणकात जायच्या आधीच हिनं प्रश्न काढून टाकला. हिच्या वहीत बुधवार, वकिलांच्या प्रतीत बुधवार. भेट झाली तीही बुधवारी. बिल्डरच्या मनात खरी भेट असती तर त्यानं बुधवार नाकारला असता. त्यानं माझा गुरुवार नाकारला, आणि वर खुशीत प्रमाणपत्र जोडलं. माझी चूक ज्या कागदावर होती, तो या टेबलावर आला होता. दुसरीकडे कुठेच गेला नाही."

संपादकांनी चष्मा काढला. याच माणसानं एका मुख्यमंत्र्याची खुर्ची हलवली होती. मावशींना त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"पेपर तो बिल्डरच विकत घेतोय," ते म्हणाले. "ऐंशी माणसांपैकी कुणाला काढणार नाही, असा शब्द दिलाय. तुम्हीही त्यात आहात, मावशी. मी त्याला फोन करून फक्त विचारलं, हे खरं का. त्या बाईचं नाव मी घेतलं नाही."

"नाव घ्यायची गरज नव्हती. प्रश्नच त्याच्या हाती दिलात. आणि दोष या पोरीवर ढकललात."

मुलीनं राजीनाम्याचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. सही केलेली नव्हती.

"त्या बाहेर बसल्या आहेत," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून. त्यांना कुणी दगा दिला, ते तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

संपादक उठले. संदर्भ विभागाच्या दारात जरा घुटमळले, मग आत गेले. त्यांना बघताच कारकूनबाई पर्स सावरत अदबीनं उभ्या राहिल्या.

"साहेब, नोकरीचं होईल ते होईल," त्या म्हणाल्या. "इथे तुम्ही आहात म्हणूनच कागद दिले मी. बातमी तेवढी छापा."