लांबडी चढावर का थांबते?

“उतरा! सगळे उतरा! ढकला!”

काका ओरडले आणि मधल्या सीटवरून तिघं पोरं धपाधप रस्त्यावर उतरली. लांबडी पुन्हा बंद पडली होती! तिथंच, बंद कारखान्याच्या भिंतीशी, ऐन चढावर. आधी दोन आचके, मग एक लांब खोकला आणि मग चिडीचूप.

“ढकला म्हणजे कुणीकडे, काका? वर की खाली?” ढोलने विचारलं.

एरवी काका हसले असते. आज त्यांनी फक्त कपाळ पुसलं आणि बॉनेट उघडलं.

लांबडी म्हणजे काकांची जुनी स्टेशन वॅगन. नाव तिला शोभत होतं. नाकापासून शेपटीपर्यंत बघता बघता मान दुखावी इतकी ती लांब होती! एका गोदामामागे कोंबड्यांनी तिच्यात संसार थाटला होता, तिथून काकांनी ती आणली. फळ्या तासून मागच्या दाराला उतरण केली, कारण त्यांच्या मुलीची, ताईची, चाकांची खुर्ची ताईसकट आत चढायला हवी होती. गेल्या वर्षी एका तापाने ताईच्या पायांतलं बळ नेलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला व्यायामाचं केंद्र होतं. तिथे रोज गेली तर ती कदाचित उभी राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्यांनी ‘कदाचित’ हळू म्हटलं होतं आणि ‘रोज’ ठासून.

बसवाले खुर्ची बघून पुढे निघून जात. म्हणून लांबडी.

सुट्टीला मावशीकडे, म्हणजे काकांच्याच घरी, आलेली भिंग आणि तिचा धाकटा भाऊ ढोल मोठ्या उत्साहात होती. भिंगचा चष्मा जाड आणि नजर त्याहून बारीक. ढोलचा आवाज कसा होता ते सांगायलाच नको. शेजारची खार त्यांना येऊन मिळाली होती. झाड असो, भिंत असो की गाडीचं टप, तिला वर चढल्याशिवाय चैन पडत नसे. तिघांनी मिळून लांबडी घासली, सीटा शिवायला मावशीला मदत केली, रंगाच्या वेळी रंग कमी आणि गोंधळ जास्त केला!

आणि आता रोज हे असं. थोडा वेळ थांबलं की लांबडी आपोआप सुरू व्हायची, जणू काही झालंच नाही! पण तोवर ताईची वेळ टळून गेलेली असे.

“गॅरेजचा मिस्त्री म्हणाला कार्बोरेटर, तो बदलला. म्हणाला पंप, तोही बदलला,” काका बॉनेटमध्ये डोकं घालून पुटपुटले. “आता काय बदलू? मलाच बदला.”

मागे खुर्चीत बसलेली ताई त्या कारखान्याच्या फुटक्या खिडक्यांकडे बघत होती.

त्याच दुपारी केंद्रातून फोन आला. मावशीने घेतला. “हो… हो. समजलं,” एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून उगाचच ओटा पुसत राहिली. बराच वेळ.

ताईची जागा दुसऱ्या कुणाला दिली होती. वेळेवर येईल अशा कुणाला.

काका पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या नखांतलं काळं ग्रीस हल्ली निघतच नव्हतं. पूर्वी ते काम करताना शीळ घालत. लांबडी घरी आली त्या आठवड्यात तर शेजारी कंटाळून खिडक्या लावून घेत होते! आता घरात भांडं पडल्याचाही आवाज मोठा वाटत होता.

“उद्या ती गाडी भंगारात देतो,” ते म्हणाले. “बस झालं.”

“काका, नको ना!” तिघं एकदम ओरडली.

“हे बघा पोरांनो, मला जमलं नाही. माझ्या मुलीसाठी एक गाडी धड चालवणं मला जमलं नाही. आता वाद नको.”

तिघं ताईच्या खोलीत गेली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“ताई, आपण काहीतरी करू गं,” भिंग म्हणाली.

“काही करू नका. बाबा रात्रंदिवस त्या गाडीखाली झोपतात, आईने स्वतःचं काम सोडलं. सगळे माझ्यापायी झिजताय. मला नाही उभं राहायचं. सांग त्यांना, मला आता काहीच नको.”

ढोल आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. त्याचे डोळे भरून आले, म्हणून तो खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करू लागला. खार नखं कुरतडत दाराशी उभी राहिली.

“ताई,” भिंगने शेवटी विचारलं, “लांबडी कधीच नीट चालली नव्हती का?”

“चालली होती की,” ताई भिंतीलाच म्हणाली. “रंग द्यायच्या आधी तलावापर्यंत जाऊन आलो होतो. एकदासुद्धा खोकली नाही. तेव्हा वाटलं होतं…” तिने वाक्य तिथंच सोडलं.

भिंगने चष्मा नाकावर वर सरकवला. “रंगाच्या आधी चालत होती. नंतर बंद पडायला लागली. मग रंगाच्या वेळी काय बदललं?”

“रंग!” ढोल म्हणाला.

“रंगाने गाडी बंद पडते होय रे, शहाण्या? आणखी काय?”

“सीटा. आरसा. आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण,” खार म्हणाली. “जुनं गंजलं होतं म्हणून मिस्त्रीकाकांनी नवं चकचकीत लावलं. मी तेव्हा टपावर होते, मला दिसलं.”

भिंग एकदम उठली. “आज तू आरडाओरडा करत होतास ना ढोल, तेव्हा मी टाकीपाशी उभी होते. तिथून बारीक शिट्टीसारखं काहीतरी येत होतं. सीऽऽ असं! मला वाटलं, तुझ्यामुळे कान वाजताहेत!”

ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि तेलाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. “याला मावशीने दोन भोकं का पाडलीत? एकातून तेल येतं आणि दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरं भोक बोटाने दाबलं की धार थांबते! टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे जातं, तर तेवढी हवा आत यायला नको का? नवं झाकण घट्ट आहे, हवाच जात नाही!”

“म्हणून थोडं थांबलं की चालू होते!” खार किंचाळली. “हवा हळूहळू शिरते, शिट्टी वाजवत!”

तिघं धावत मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री एका स्कूटरशी झटत होता. त्याने ऐकून घेतलं आणि खो खो हसला. “झाकण? अगं, इंजिन पुढे, झाकण मागे! असली झाकणं सगळ्या गाड्यांना बसतात. त्या गाडीचा जीव संपलाय. जा, खेळा.”

काकांनी तर ऐकलंसुद्धा नाही. “पुरे आता,” एवढंच म्हणाले. आशा धरायचीसुद्धा त्यांना भीती वाटत होती, हे भिंगला त्यांच्या आवाजावरून कळलं.

सकाळी भंगारवाल्याचा निरोप आला, की टोचन करून, दोरीने ओढत न्यायला माणूस पाठवतो.

“नको,” काका म्हणाले. “दोरीला बांधून तिची धिंड नको. मीच नेतो. जाईल तेवढी जाईल.”

“आम्हाला शेवटचं येऊ द्या!” भिंग म्हणाली. आणि मग, कुणाला अपेक्षा नसताना, ताई म्हणाली, “मलाही यायचंय. तिला निरोप द्यायला.”

काका उतरणीच्या फळ्या आत ठेवत होते. तेवढ्यात खार खारीसारखीच गाडीच्या कडेला सरकली आणि तिने झाकण अर्धा आटा सैल केलं. फक्त अर्धा!

लांबडी निघाली. मिस्त्री मोटारसायकलवर मागोमाग होता, खांद्यावर टोचनाची दोरी टाकून. ती लागणार याची त्याला खात्रीच होती.

मावशीने ताईचा हात धरला होता. चढ आला. काकांनी खांदे आक्रसले, मार बसायच्या आधी माणूस आक्रसतो तसे. कारखान्याची भिंत आली. फुटक्या खिडक्या आल्या. भिंगने डोळे घट्ट मिटले.

लांबडी चढ चढून पलीकडे उतरली!

काकांनी आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं. भंगाराच्या आवाराचं फाटक आलं तरी इंजिन घुमतच होतं. फाटकात भंगारवाला उभा होता. काकांचा हात किल्लीकडे गेला आणि तिथंच थांबला.

“बंद करू नका, काका!” ढोल असा ओरडला की भंगारवाला दचकून मागे सरला. “झाकण आम्ही सैल केलंय!”

आता सांगावंच लागलं. तेलाचा डबा, शिट्टी, सगळं.

“योगायोग!” मिस्त्री म्हणाला. तो गेला आणि त्याने झाकण करकचून आवळलं. “आता न्या परत. बघू!”

परतताना कारखान्याच्या जरा अलीकडेच दोन आचके आले. एक खोकला. लांबडी थांबली. काकांचा चेहरा पांढरा पडला. भिंग उतरली आणि तिने झाकण फिरवलं.

सीऽऽऽ… फुस्स!

“आता चालू करा.”

आणि एका किल्लीत लांबडी सुरू झाली!

मिस्त्री मोटारसायकलवर बसून राहिला. मग त्याने खांद्यावरची दोरी काढली. “जुन्या झाकणाला हवेचं भोक होतं. मी न बघता नवं लावलं. आणि काल ही पोर सांगत होती तर हसलो.” त्याने भिंगसमोर खरंच मान खाली घातली.

भंगारवालाही कुतूहलाने मागून आला होता. तो लांबडीच्या दारावर हात ठेवून हळूच म्हणाला, “आजवर इतक्या गाड्या कापल्या मी. त्यातल्या किती अशाच असतील?”

काकांनी तिघांना जवळ ओढलं. “मी हात टेकले होते. तुम्ही नाही टेकलेत,” ते म्हणाले. मग ते बाहीने डोळे पुसू लागले. “शाबास,” मावशीने त्यांचं वाक्य पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी भोक असलेलं झाकण लावून सगळे केंद्रात गेले. अगदी वेळेवर! पण गेलेली जागा गेलीच होती. “जागा रिकामी झाली तर बघू,” तिथल्या बाई म्हणाल्या. “कधी होईल सांगता येत नाही.”

काका येऊन गाडीत बसले आणि त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. “उशीर झाला गं,” ते म्हणाले.

मागे ताई खुर्चीत पुढे झुकली.

“बाबा,” ताई म्हणाली, “उद्या परत विचारायला येऊ.”

“आणि उद्याही नाही म्हणाल्या तर?”

“तर परवा.” तिचा आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. “गाडी आहे ना आता!”

तिघांची सुट्टी संपली तेव्हाही जागा मिळाली नव्हती. पण लांबडी रोज सकाळी केंद्राच्या दाराशी उभी राहत होती, आणि तिथला पहारेकरी तिचा आवाज दुरून ऐकूनच फाटक उघडायला लागला होता.